चिंध्यांचं देणं

माईंनी मला काही शिकवलं, असं त्यांना कुणी सांगितलं तर त्या हसतील. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या घरामागच्या बोळात त्यांची एक खोली होती. दाराशी उजेडाला पायमशीन, खुंटीवर कापून ठेवलेली पण अजून न जोडलेली ब्लाउजं, आणि मशीनच्या पायाशी चिंध्यांचं पोतं. बायकांची ब्लाउजं, पोरींची परकर-पोलकी, शाळेचे गणवेश, एखाद्या आजोबांची बंडी, असं सगळं तिथंच शिवून व्हायचं. मी आज शाळांमधून समुपदेशक म्हणून काम करते. तिसरी-चौथीतल्या मुलींशी त्यांच्या रंगाबद्दल, पोटाबद्दल, दंडाबद्दल बोलायची वेळ माझ्यावर सारखी येते. हे वय बाहुल्यांशी खेळायचं, पण याच वयात मुली आरशाशी भांडू लागतात. त्यांच्याशी मी जे बोलते, त्यातलं थोडं पुस्तकातलं असतं आणि उरलेलं त्या खोलीतलं. पुस्तकांची नावं मी भाषणांत घेत आले. माईंचं नाव घ्यायचं राहून गेलं.

मी लहानपणी सावळी आणि अंगानं भरलेली होते. घरात मला 'गोलू' म्हणत, धाकटा काका लाडात 'ढोल' म्हणायचा, आणि पाहुणे आले की आजी न विचारता खुलासा करायची, "रंग वडिलांवर गेलाय." कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. मला हे सगळं प्रेमाचंच वाटायचं, आणि तरी फोटो काढायची वेळ आली की मी मागच्या रांगेत जाऊन उभी राहायची.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाशी आमच्या वर्गातल्या एका मुलीकडं सोनेरी केसांची बाहुली आली. तिच्या मामानं मुंबईहून आणलेली. तोवर आमच्या बाहुल्या म्हणजे जत्रेतल्या प्लॅस्टिकच्या, गुबगुबीत, डोळे मिटणाऱ्या. त्या बाळं होत्या आणि आम्ही त्यांच्या आया. ही बाळ नव्हती. ही बाई होती. हिला छाती होती, मुठीत मावेल एवढी कंबर होती, गुडघ्यापासून खाली न संपणारे पाय होते. पावलं कायमची टाचा उचललेली, त्यामुळं उभी केली की पडायची. तिला भिंतीला टेकवून ठेवावं लागे. पण तिचे केस खरोखर विंचरता यायचे. मी ते एकदा विंचरले आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

बाबांच्या पगारात ती बसणारी नव्हती. मी घरात रडले, मग माईंच्या दारात जाऊन रडले. माईंनी मशीन थांबवलं नाही. शिवण संपल्यावर दातानं दोरा तोडला आणि म्हणाल्या, "त्यात काय एवढं! मी करून देतो की."

(आमच्याकडच्या बायका 'करतो', 'येतो' असंच बोलतात. पुण्यात आल्यावर मला यावरून हसले होते.)

त्यांनी पोतं उपसलं. अस्तराचं उरलेलं चॉकलेटी कापड निवडलं. त्याची हातभर पट्टी गुंडाळून धड केलं, दुसरी आडवी गुंडाळून हात केले, मधे दोऱ्यानं करकचून बांधलं. पोटाला कापूस भरला. डोक्याला पुन्हा कापूस, वर ताणून कापड, मानेपाशी दोऱ्याचे वेढे. डोळे काळ्या दोऱ्याचे, ओठ लाल रिळातले, केस लोकरीचे. पोटाची शिवण त्यांनी उलट्या बाजूनं घालून मग कापड सुलटं केलं, त्यामुळं बाहेर गाठ दिसत नव्हती. शेवटी खणाच्या तुकड्याचं पोलकं.

मी बघितलं आणि म्हणाले, "ही काळी आहे. आणि जाडी आहे."

"तुझ्यासारखी केली," माई म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीनं ती कौतुकाची गोष्ट होती. मला मात्र भोकाड पसरावंसं वाटलं, आणि मी ते पसरलं.

दुसरं कुणी असतं तर मला समजूत घातली असती, की अगं काळी पण किती गोड आहे, मनानं सुंदर असलं की झालं. ही वाक्यं मी पुढं आयुष्यभर ऐकली आणि त्यांच्यातला 'पण' मला दर वेळी टोचला. माईंनी समजूत घातली नाही. सुई ओवून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मग तुला पायजे तशी तूच कर."

मी पांढऱ्या पॉपलिनची बाहुली करायला बसले. कंबर दोऱ्यानं आवळून आवळून काडीसारखी केली, मानही तशीच. डोकं बसवलं तर ते एका बाजूला लवंडलं. सरळ केलं, दुसऱ्या बाजूला लवंडलं. माई काम करता करता तिरक्या नजरेनं बघत होत्या. "मान बारीक केलीस, आता डोकं कुणी धरायचं?" एवढंच म्हणाल्या. त्यात उपदेश काही नव्हता. चुकलेल्या कामावरची ती कारागिराची टीका होती. त्या बाहुलीला शेवटी मी मानेत झाडूची काडी घातली, तेव्हा ती उभी राहिली.

अॅडलेडमधल्या काही संशोधकांनी 1996 साली बार्बीची मापं माणसाच्या उंचीला वाढवून बघितली आणि हिशेब मांडला, की अशा बांध्याची बाई लाखात एकसुद्धा सापडायची नाही. तो निबंध वाचताना मला ती झाडूची काडी आठवली. आकड्यानं जे कळलं ते बोटांना आधीच माहीत होतं, फक्त ते कळणं मी बोटांतच ठेवून दिलं होतं, डोक्यापर्यंत येऊ दिलं नव्हतं.

कारण चॉकलेटी बाहुलीची मला लाजच वाटत राहिली. शेजारच्या मुलींबरोबर भातुकली मांडली की मी तिला परकराच्या ओच्यात लपवून न्यायची. खेळात सोनेरी केसांची बाहुली नवरी. जत्रेतल्या बाहुल्या करवल्या. माझी धुणंवाली. असं कुणी मोठ्यांनी सांगितलं नव्हतं. आम्ही सातआठ वर्षांच्या मुलींनी बसल्या बसल्या, वाद न घालता, ते ठरवलं होतं, आणि त्यात मीही होते. माझ्याच बाहुलीला धुणं धुवायला मीच बसवलं.

या आठवणीचा अर्थ मला एम.ए.ला मानसशास्त्र शिकताना लागला. केनेथ आणि मेमी क्लार्क हे अमेरिकेतलं कृष्णवर्णीय जोडपं. दोघंही मानसशास्त्रज्ञ. 1940 च्या सुमारास त्यांनी तीन ते सात वर्षांच्या अडीचशेवर कृष्णवर्णीय मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या; रंग सोडला तर सगळ्या सारख्या. यातली चांगली कुठली, वाईट कुठली, खेळायला कुठली हवी, असं विचारलं. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून उचलली. मग विचारलं, तुझ्यासारखी कुठली? तेव्हा काही मुलं रडली, काही खोलीतून निघून गेली. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या 1954 च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं या कामाचा आधार घेतला. वर्गात सर हे सांगत होते आणि मला भातुकलीतली माझी धुणंवाली दिसत होती. 'तुझ्यासारखी केली' हे वाक्य ऐकून मी ज्या आवाजात रडले होते, तो आवाज एकटा माझा नव्हता, हे मला त्या तासाला कळलं.

पण हे फार नंतरचं. मधल्या वर्षांत माई होत्याच.

आठवीत असताना गणवेश बदलला. शाळेनं ठरवून दिलेल्या एका दुकानात मापं द्यायची होती. मुलींची रांग, टेप लावणारा एक माणूस, आणि आकडे लिहून घेणारा दुसरा माणूस दुकानाच्या दुसऱ्या टोकाला. त्यामुळं प्रत्येकीचं माप दुकानभर ओरडून सांगितलं जायचं. माझा आकडा ऐकून मागं हशा पिकला. त्या आठवड्यात मी डबा परत आणायला लागले.

माईंच्या ते लक्षात आलं की आईनं सांगितलं, मला ठाऊक नाही. सुटीत त्यांनी मला उसवायच्या कामाला बसवलं. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या तोंडावर बायका जुनी ब्लाउजं घेऊन येत. दारातूनच सुरुवात असायची, "माई, लई जाड झालोय बघा." माईंचं उत्तर ठरलेलं, "ब्लाउज ल्हान झालाय." आणि ब्लाउज माझ्याकडं. दोन्ही बाजूंच्या शिवणींना त्यांनी मुळातच दोन-दोन बोटं माया ठेवलेली असायची. मी ब्लेडनं जुनी शिवण उसवायची, दोऱ्याचे तुकडे वेचायची, माई नवी शिवण मारून द्यायच्या. बाळंतपणानंतर बाई यायची, आजारातून उठलेली यायची, सासरी जाऊन वाळलेली यायची. कुणाची शिवण सोडायची, कुणाची आत घ्यायची. त्या सुटीत मी बायकांची शरीरं किती तऱ्हांची असतात ते पाहिलं. कुणाचा एक खांदा उतरता, कुणाची पाठ पोक काढलेली, कुणाचा उजवा दंड डाव्याहून जाड, कारण ती बाई भाकरी थापून विकायची. माईंना यातलं काहीच नवल वाटायचं नाही. त्या टेप लावायच्या, ओठांत पुटपुटायच्या आणि स्वतःच वहीत लिहायच्या. आकडा कधी मोठ्यानं उच्चारला नाही, बाईला दाखवलाही नाही.

"अंग कमीजास्त हुणारच," त्या एकदा मला म्हणाल्या, "कापडानं त्याच्या मागनं जायाचं." मी तेव्हा ब्लेडनं बोट कापून घेण्यात गुंतले होते. हे वाक्य मला पुरतं ऐकूही आलं नव्हतं.

मी अकरावीत असताना आईच्या छातीची शस्त्रक्रिया झाली. डावी बाजू काढली. घरी आल्यावर आई दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसायची. दारात कुणी आलं की आत जायची. भाजीला जाणं बंद, देवळात जाणं बंद, हळदीकुंकवाची बोलावणी परत. आम्ही सगळे तिला धीर देत होतो. जीव वाचला हे महत्त्वाचं, असं जो तो म्हणे. खरंच होतं ते. पण आई काही बाहेर पडेना.

एका दुपारी माई गळ्यात टेप अडकवून आल्या. "वैनी, माप घ्याचं हाय." आई काही बोलली नाही. मी उठून जाऊ लागले तर माई म्हणाल्या, "बस तू. वही धर."

त्यांनी उजव्या बाजूचं माप घेतलं. डावीकडं जखमेची रेघ जिथं काखेपर्यंत जाते, तिथं हाताच्या उलट्या बाजूनं हलकेच चाचपून बघितलं, कुठं दुखतंय, कुठं कापड घासेल. घरी जाऊन जुन्या धुवट धोतराच्या कापडाची पिशवी शिवली. आत कापूस भरला. आईनं घालून हात वर केला तर पिशवीही वर सरकली. कापसाला वजन नव्हतं. माईंनी ती उसवली, मधे मोहरीची पुरचुंडी बसवली, हातात दोन्हीकडचं वजन तोलल्यासारखं करून थोडी मोहरी काढली, पुन्हा शिवली. ब्लाउजच्या अस्तराला आतून एक कप्पा केला, म्हणजे पिशवी काढून ठेवून ब्लाउज धुता येईल. मी कप्प्याची कड दुमडून देत होते, तेव्हा माझ्या बोटांना ती शिवण ओळखीची लागली. उलट्या बाजूनं घालून सुलटी केलेली, बाहेर गाठ न दिसणारी. माझ्या बाहुलीच्या पोटाला हीच होती.

त्या शुक्रवारी आई अंबाबाईला जाऊन आली.

रूथ हँडलरबद्दल मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. बार्बीची ती आई. आपली मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांना मोठ्या बायका समजून खेळते, हे तिनं पाहिलं. युरोपच्या प्रवासात लिली नावाची एक जर्मन बाहुली तिच्या नजरेला पडली, जी खरं तर मोठ्या माणसांच्या गमतीसाठी निघाली होती. आणि 9 मार्च 1959 ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात साडेअकरा इंचाची बार्बी लोकांसमोर आली. मुलींच्या बाहुलीला छाती असावी की नाही, यावरून तेव्हा दुकानदारही बिचकले होते. त्याच रूथला 1970 साली स्तनाचा कर्करोग झाला, एक बाजू काढावी लागली. तेव्हा बाजारात मिळणारे कृत्रिम स्तन तिला पटेनात. डाव्या-उजव्याला एकच आकार! मग तिनं स्वतः ते बनवायला घेतले, डावा वेगळा, उजवा वेगळा, आणि दुकानादुकानांत जाऊन बायकांना स्वतःच्या हातानं बसवून दिले. हे वाचेपर्यंत मी या बाईला मनातल्या मनात फार बोल लावत आले होते. आता तो सूर जरा उतरला. माझ्या दृष्टीनं तिचं खरं काम हे दुसरं.

आता माईंनी माझा ताठा उतरवला ती हकिगत.

नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत मी खेळणी आणि मुलींचं स्वतःच्या शरीराबद्दलचं मत या विषयावर मिळेल ते वाचत होते. 2006 मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या हेल्गा डिटमार आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच ते आठ वर्षांच्या 162 मुली. काहींना बार्बीची चित्रं असलेलं गोष्टीचं पुस्तक, काहींना भरलेल्या अंगाच्या एमी नावाच्या बाहुलीचं, काहींना बाहुलीच नसलेलं. नंतर विचारलं तर बार्बीची चित्रं पाहिलेल्या लहान मुली स्वतःच्या शरीरावर जास्त नाराज निघाल्या, बारीक व्हावंसं त्यांना जास्त वाटत होतं. सर्वांत मोठ्या वयाच्या मुलींत मात्र चित्रं पाहून लगेच असा फरक पडलेला दिसला नाही. मला तर घबाडच सापडलं. दिवाळीला घरी गेले आणि माईंपुढं ते सगळं ओतलं. 1965 च्या बार्बीचीही गोष्ट सांगितली: रात्री मैत्रिणीकडं राहायला निघालेली बाहुली, तिच्या सामानात गुलाबी वजनकाटा, त्यावर काटा कायमचा 110 पौंडांवर, म्हणजे पन्नास किलोंवर, आणि वजन कसं उतरवावं याचं एक चिमुकलं पुस्तक, त्याच्या पाठीवर एकच सल्ला, खाऊ नका.

माई हसून हसून खोकल्या. "बाहुलीला वजनकाटा?"

मग शांत झाल्यावर म्हणाल्या, "आन तू म्हंतीस तशी जाड बाहुली काढली, तर पोरी घेतील?"

"घेतील की! का नाही घेणार?"

"तू घेतलीस?"

मला उत्तर आलं नाही. मी विषय बदलला, आणि परतीच्या गाडीत स्वतःची समजूत घातली, की माईंचा अनुभव एका पेठेपुरता आहे, संशोधन म्हणजे संशोधन.

2016 च्या जानेवारीत बार्बीच्या कंपनीनं तीन नवे बांधे आणले: उंच, बुटका आणि भरलेला. जगभर कौतुक झालं, मीही त्यावर एका पालकसभेत उत्साहानं बोलले. तीन वर्षांनी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेत तीन ते दहा वर्षांच्या मुलींपुढं हे सगळे बांधे ठेवले होते. भरल्या अंगाच्या बाहुलीच्या वाट्याला सर्वांत जास्त वाईट विशेषणं आली, आणि तिच्याशी खेळायला सर्वांत कमी मुली तयार होत्या. माईंचा प्रश्न दहा वर्षांहून जास्त काळ माझ्याकडं पडून होता. त्याचं उत्तर असं आलं.

तेव्हापासून माझं मत असं बनलं आहे: बाहुली मुलीच्या मनावर परिणाम करते, यात मला शंका नाही, डिटमारच्या मुली खोटं बोलत नव्हत्या. पण बाहुली मुकी असते. तिच्या तोंडी वाक्यं आपण घालतो. एकदा कंपनीनंही घातली होती. 1992 साली निघालेल्या बोलक्या बार्बीच्या वाक्यांत गणिताचा तास अवघड असतो, असंही एक वाक्य होतं. तक्रारी झाल्या आणि ते मागं घ्यावं लागलं. घरातली वाक्यं मात्र मागं घेतली जात नाहीत. आजीचा खुलासा, काकाचा लाड, दुकानातला ओरडून सांगितलेला आकडा, मुलीसमोर आरशात बघून आईनं स्वतःच्या पोटाला ठेवलेलं नाव, हे सगळं खेळात बाहुली बोलते. आमच्या भातुकलीत माझी बाहुली धुणंवाली झाली ती सोनेरी केसांच्या बाहुलीमुळं नव्हे. घरोघर धुणं कुणाचे हात धुतात, हे आम्ही रोज बघत होतो.

आणि जुनं ते सोनं, असंही मी म्हणत नाही. माईंच्या आईकडं लाकडाची ठकी होती. सपाट अंगाची, रंगवलेल्या लुगड्याची, कंबर वगैरे भानगड नसलेली. तिनं कुणाला उपाशी ठेवलं नसेल. पण त्या ठकीचं रोज लग्नच लागायचं, तिला दुसरं काही करायला कुणी दिलं नाही. माईंचंही लग्न तेराव्या वर्षी लागलं.

सध्या माझं काम चालतं ते साधारण असं. एका शाळेत चौथीतली एक मुलगी अर्धाच डबा खात होती. आई घाबरून आली. घरातल्या सगळ्या तसल्या बाहुल्या टाकून देऊ का, म्हणाली. मी निर्णय द्यायच्या आधी माईंना फोन केला. असा फोन मी अनेकदा केला आहे, सहकाऱ्यांना याचा पत्ता नाही. माई म्हणाल्या, "पोरीची बाहुली काढून घ्याची न्हाई. तिला सांग, हिचं पोलकं शिव."

तसं केलं. मुलीनं आईच्या जुन्या साडीचा तुकडा आणला. पोलकं घालायला गेलं की बाहुलीचा हात कोपरात वाकेना, बाही चढेना. मुलगी वैतागली. मग तिनं पाठीकडून पूर्ण उघडं ठेवलं आणि बंद बांधले. "ताई, हिला काहीच करता येत नाही," ती म्हणाली. "हिला सगळं आपणच घालायचं." मी काही बोलले नाही. तेवढं मला आता जमतं. पुढच्या आठवड्यात आम्ही कापडाची बाहुली करायला घेतली. मुली मला विचारतात, कशी करायची, कोणासारखी? मी सांगते, जिला काहीतरी काम करता येतं अशी कर. एकीनं दंड जाड केले, कारण तिची बाहुली कबड्डी खेळते. एकीनं पोट मोठं केलं आणि त्यात आणखी एक बाहुली घातली. त्या अर्धा डबा खाणाऱ्या मुलीनं मान बारीक केली, आणि डोकं लवंडलं. मी तिच्याकडं बघितलं नाही, मुद्दाम. तिनं स्वतःच उसवून पुन्हा केली. डबा लगेच संपायला लागला असं मात्र नाही. त्याला वेळ लागला आणि डॉक्टरांचीही मदत घ्यावी लागली. बाहुली औषध नव्हे.

माईंना आता दिसत नाही. सुई ओवता येत नाही, मशीन त्यांनी भाचीला दिलं. मागच्या खेपेला मी त्यांच्याकडं मापांच्या वह्या मागितल्या. मला त्या जपून ठेवायच्या होत्या. कुठंतरी त्यांच्यावर लिहावं असंही मनात होतं. माई म्हणाल्या, "वही भरली की मी बंबात घालायचो." मी हळहळले. तर म्हणाल्या, "बायकांची मापं हायत ती. ती काय कुणाला दाखवायची असत्यात?"

आईनं त्या पिशवीचे पैसे द्यायचा प्रयत्न दोनतीनदा केला. माईंनी ब्लाउजची शिलाई घेतली, पिशवीचे घेतले नाहीत. कापूस-मोहरीचे कसले पैसे, म्हणाल्या. पुढं आई गेली. ते पैसे राहिले ते राहिलेच, आणि मी देऊ केले तर माई माझ्याशी बोलायच्या बंद होतील, म्हणून मी तो विषय काढत नाही.

त्यापेक्षा एक विनंती वाचकांना करते. घरात जुनी सुती लुगडी, धोतरं, ब्लाउजांची अस्तरं असतील तर पायपुसणी करून टाकू नका. जवळच्या बालवाडीत किंवा प्राथमिक शाळेत नेऊन द्या, सोबत दोन-चार सुया, दोरा आणि कापूस द्या, आणि जमलं तर तासभर स्वतः बसा. रंग सगळे द्या, चॉकलेटी आणि काळेसुद्धा. टेरिकॉट मात्र देऊ नका, लहान बोटांना त्यातून सुई ओढवत नाही.